पाकिटावरचं नाव

प्रदर्शनातल्या त्या फोटोसमोर मी थांबलो तो त्या बाईच्या हातामुळे. ब्लॅकफीट जमातीची बाई, अमेरिकेतल्या गवताळ माळरानावर आपल्या तंबूपुढे उभी. फोटो शंभर वर्षांहून जुना. कडेवरचं मूल हललं असणार, कारण त्याचा चेहरा पुसट झालाय. तिनं मात्र त्याचा पाय घट्ट धरून ठेवलाय.

खाली माहितीची पट्टी होती. फोटोग्राफरचं नाव आडनावासकट, कॅमेरा कुठला तेही. तिच्याबद्दल एवढंच, ‘ब्लॅकफीट स्त्री, मुलासह.’

माझं डोकंच फिरलं. तिथल्या माहिती सांगणाऱ्या मुलीला विचारलं, “हिचं नाव काय?”

“नोंद नाहीये हो काका. त्या काळी कोण विचारत बसणार?”

“माझे वडील विचारायचे!” माझा आवाज चढलाच.

वडिलांचा आमच्या गावात फोटो स्टुडिओ होता. बाजाराला आलेला धनगर असो की मामलेदार, दिवे लावण्याआधी ते नाव विचारून फोटोच्या पाकिटावर लिहायचे. कधी विसरलेच, तर आई ओरडायची, “नाव नाही, तर आता फोटो देणार कुणाला?”

ती मुलगी पुढच्या फोटोकडे गेली. मी तिथेच उभा. एवढा जड कॅमेरा त्या फोटोग्राफरनं माळरानावर नेला, फोटो उमटवायच्या काचा नेल्या, तिला मूल घेऊन उन्हात ताटकळत ठेवलं, आणि नाव विचारायला सवड झाली नाही?

सवडीचा प्रश्नच नव्हता. तो फोटो तिला द्यायचाच नव्हता त्याला.