सत्यशीलाबाईंनी शोधलेलं पेटंट

अंबाजोगाईच्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवतो. निवांत पेपर वाचावा म्हणून ग्रंथालयात जातो, आणि दर वेळी कुणा विद्यार्थ्याच्या यंत्राचं एक टोक धरून बसतो. ग्रंथपाल सत्यशीलाबाई कुणाला रिकामं बसूच देत नाहीत. चिडचिड होते, पण तिथे जाणं काही सुटत नाही.

विद्यापीठाची नवसंशोधन स्पर्धा जवळ आली होती, तेव्हा बाईंनी आष्टीकडच्या राजनंदिनी या विद्यार्थिनीला धरलं होतं. तिची आई सुभद्राबाई दर हंगामात ऊसतोडीला जाते. उसाची मोळी डोक्यावर घेऊन लाकडी फळीवरून ट्रकमध्ये चढते. आईची मान वाचावी म्हणून पोरीने ओझं खांद्या-कमरेवर घेणारी चौकट बनवली होती. ही कल्पना नवीन आहे, एवढं दाखवलं तरच स्पर्धेत जाता येणार होतं. बाईंनी संगणकावर जुनी पेटंटं धुंडाळली, आणि थोड्याच वेळात अगदी तशीच चौकट समोर आली.

राजनंदिनीचं तोंड एवढंसं झालं. "ह्ये तर आदीच कुणी केलंय. माजं नाव काढून टाका, मॅडम."

"काढते की. पर नुसतं चित्र बघून कावून उठलीस? समदं वाच," बाई म्हणाल्या.

बाई शेजारी बसून अडलेले शब्द सांगत होत्या. ओझं हलू नये म्हणून कमरेचा पट्टा पक्का जखडतो, या ओळीवर पोरगी थांबली.

"मॅडम, फळीवर पाय घसरला तर मोळी फेकावी लागती. ह्यो पट्टा तर बाईला संगं घेऊन पडंल."

मग तिने स्वतःची चौकट पाहिली. तिलाही तसाच पट्टा होता. होस्टेलवर बसून तिने फक्त मानेचा विचार केला होता, फळी विसरूनच गेली होती.

बाईंच्या अंगात आलं. झटक्यात सुटणारा पट्टा कुणी केलाय का, म्हणून त्यांनी पुन्हा सगळं पालथं घातलं. कुठेच सापडला नाही. लगेच वर्कशॉपमधून खीळ आणि दोरी आली; दोरी ओढली की खीळ निघून पट्टा सुटणार होता. जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यांची मोळी बांधली, मला शिडी धरायला लावली आणि बाई स्वतःच पदर खोचून, मोळीसकट चौकट अंगावर घेऊन वर चढल्या. दोरी ओढताच गठ्ठे धाडकन खाली आले. प्राचार्य धावत आले, तर बाई वरूनच म्हणाल्या, "सर, सुटली." मला इतका आनंद झाला की धूळ खात मी हसत सुटलो.

पोरीची निवड झाली, पेढे वाटले. हंगामात ती चौकट आईबरोबर उसाच्या फडात गेली.

एका दुपारी राजनंदिनी धापा टाकत ग्रंथालयात आली. "आई फळीवरनं घसरली. मोळी पल्याड पडली, आई अल्याड. खरचटलंय निस्तं. आत्ताच फोनवर बोलली."

बाई रडल्या. मीही रडलो, लपवत कशाला बसू? मग त्यांनी डोळे पुसले.

"दोरी सापडली का गं तिला पटकन?"

"न्हाई, चाचपडावी लागली. उजव्या हातानं मोळी धरली व्हती, अन् दोरी बी उजवीकडंच."

"मग चौकट परत मागव," बाई म्हणाल्या, "दोरी डावीकडं घिऊ."