न दिसलेला फाउल

आज स्नूकरच्या क्लबात एका अनोळखी म्हाताऱ्याची बाही लाल चेंडूला जेमतेम लागली. कुणाचं लक्ष नव्हतं. त्यानं स्वतःच हात वर करून फाउल सांगितला आणि शांतपणे खुर्चीत जाऊन बसला.

मी प्रत्येक गोष्टीत हुज्जत घालणारा माणूस. आवाजही चढतो माझा. पण या टेबलावर मी कधी हुज्जत घातली नाही. आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या फ्रेममध्ये, म्हणजे निर्णायक डावात, माझीही बाही अशीच लागली होती. पंचांना दिसलं नव्हतं. मी सांगितलं आणि आपला संघ हरला. पंचांना न दिसलेले फाउल सांगणाऱ्यांच्या जिवावर हा खेळ टिकलाय, पण विजेत्यांच्या यादीत ते कुठून असणार?

आता त्या स्पर्धेचा इतिहास छापला जातोय. त्यात वाक्य आहे, ‘एका खेळाडूच्या चुकीमुळे विजेतेपद हुकलं.’ मी तडक तो छापणाऱ्या संघटनेच्या चिटणीसांना गाठलं.

“अण्णा, जुनं झालं ते. वाक्य काढून टाकू?”

“काढायचं नाही. फाउल त्यानं स्वतः सांगितला, एवढं जोडा.”

“मग तुमच्यामुळे हरलो, हे कायमचं छापलं जाईल.”

“जाऊ दे. ‘एका खेळाडू’च्या जागी माझं नाव घाला. आडनावासकट.”