खंडेनवमीची काचपट्टी

भोईवाड्यातल्या ललिता परब परळच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेच्या मदतनीस. सतरा वर्षं काम एकच, जुन्या तळ्यांचा गाळ धुवायला हात लावायचा आणि काचसामान लख्ख ठेवायचं. चिखल धुवायचा पगार मिळतो होय, म्हणून घरचे हसायचे. त्या समजावत, की झाडांचे पराग उडून तळ्यात पडतात, तळाशी बसतात, वर गाळाचे थर चढत जातात. तिथे हवा पोचत नाही, म्हणून कुजवणाऱ्या जंतूंचं फारसं चालत नाही. परागाचं कवच तर असं चिवट, की माती विरघळवणाऱ्या ॲसिडलाही दाद देत नाही. हजारो वर्षांपूर्वी काठावर काय उगवत होतं, ते त्यावरून कळतं.

वडील गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. खंडेनवमीला साच्याला झेंडूची माळ चुकत नसे. ललिताबाई दरवर्षी बाहेरच्या खोलीतल्या, गाळाच्या नळ्या गरगर फिरवणाऱ्या जुन्या मशीनला माळ घालत. त्या वर्षी नवं मशीन आलं, ते आत, धुण्याच्या खोलीत. त्यांनी तिथेच पूजा केली. शेजारी संशोधन करणाऱ्या दीपिकाच्या गाळाच्या पाच नळ्या उघड्या होत्या.

पंधरवड्याने प्रयोगशाळेच्या प्रमुख मेघना मॅडमना सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर सहा हजार वर्षांच्या गाळात ताजे, काटेरी कण दिसले, थेट झेंडूसारखे. झेंडू तर आपल्याकडे चार-पाचशे वर्षांपूर्वीचा पाहुणा. दीपिकाचा हात बेफिकीर, दोन वर्षांचे सगळे नमुने बाद, असं मॅडम म्हणाल्या. दीपिका खोकी भरू लागली.

ललिताबाईंना आपली माळ आठवली. बोललं तर खोलीची किल्ली जाणार. पण देवाच्या नावाने केलेलं देवापासून लपवायचं कुठे?

"मॅडम, झेंडू माझा आहे. पोरीचा हात स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या आणि किल्ली टेबलावर ठेवली.

मॅडमनी आधी किती नळ्या उघड्या होत्या ते विचारलं. पाचच. बाकीच्यांना झाकणं होती, आणि त्या पाचांचाही अर्धा गाळ फ्रिजमध्ये शिल्लक होता.

"किल्ली उचला, ललिताबाई. पाच नमुने परत कोण धुणार?" मॅडम म्हणाल्या. "आणि देवीला सांगा, नमस्कार बाहेरूनच."

पाचही नमुने पुन्हा धुतले. या खेपेला निघालं ते गवत आणि लव्हाळा.

झेंडूची ती काचपट्टी मॅडमनी टाकली नाही. नव्या मुलांना दरवर्षी ललिताबाईच ती दाखवतात, कुणी घोटाळा केला तेही सांगतात. माळ आता व्हरांड्याच्या दाराला असते. तिथून आत जायच्या आधी त्या हात धुतात, दोनदा.