पेंटरबाईंचं चाक

रस्त्याने जाताना हाताने रंगवलेल्या पाट्या तुम्ही रोज वाचता. पण ही पाटी कुणी रंगवली, असं शेवटचं कधी विचारलंत? नाहीच विचारलंत. मग आता बसा आणि ऐका.

पेंटरबाईंनी पस्तीस वर्षं पाट्या रंगवल्या. शिडीवर चढून, डाव्या हातात एक ब्रश, दातांत दुसरा. नवरा पेंटर म्हणून बायको पेंटर झाली, असं लोक खुशाल म्हणायचे. खरं उलट होतं. नवऱ्याच्या हाताला वळण बाईंनी लावलं.

आणि बाईंचा गोल! ना दोरी, ना खिळा, ना कंपास. खांद्यातून हात एकदा फिरला की गोल तयार. कुणी डब्याचं झाकण ठेवून गोल काढताना दिसला की बाई तोंडावर म्हणायच्या, "हा पेंटर नव्हे, शिंपी. मापं घेतोय."

मग छपाईची यंत्रं आली आणि शिडी भिंतीला टेकून उभी राहिली. ते रडगाणं इथे गायचं नाही. गोष्ट पुढची आहे.

हातगाडीवाल्यांच्या संघटनेने ठरवलं की साठही गाड्यांवर एकच खूण लावायची: एक चाक आणि त्याभोवती "आमची जागा, आमचा धंदा". संघटनेची अध्यक्ष केळीवाली, म्हणजे बाईंची जुनी मैत्रीण. ती म्हणाली, "चाक तुझंच हवं गं. दुसऱ्या कुणाचं मी लावून घेणार नाही."

पण साठ खुणा छापूनच घ्यायच्या होत्या, आणि छापखानावाला भलताच घाईतला माणूस. बाईंनी कागदावर चाक काढून त्याचा फोटो पाठवला, तर म्हणाला, "मोठं केलं की कडा फाटतात. मला कॉम्प्युटरवर काढलेलं लागतं. शनिवारी बारापर्यंत फाइल आली तर तुमचं चाक छापतो. नाही आली तर माझा ऑपरेटर तयार चाक लावेल. हवी तेवढी पडलीत."

"तयार चाक!" बाई घरात शिरताच कडाडल्या. "कुणाच्या गाडीचं काढून आणलंय ते?"

सून नुकतीच ऑफिसातून आली होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकणारी ही मुलगी सासूच्या आवाजाने थोडीच दचकणार! ती शांतपणे म्हणाली, "आई, चित्र काढायचा पॅड मिळतो. पाटीसारखा असतो. त्यावर पेनाने काढायचं, ते समोर पडद्यावर उमटतं. स्वस्तातलेही असतात. चला, उद्या बघून येऊ."

दुकानदाराने आधी सगळ्यात महाग पॅड पुढे केला. "मॅडम, हा घ्या. पडदा यातच आहे."

"स्वस्तातला दाखवा."

"मग हा छोटा घ्या. तुम्हाला पुरेल."

"मला काय पुरेल ते तुम्ही कसं ठरवलंत?" बाईंनी काउंटरवर कोपर टेकवलं आणि हवेतच एक मोठी वेलांटी काढली. "मनगटातून लिहितात ते सही करणारे. मी कोपरातून लिहिते. मधल्या मापाचा काढा."

मग सरबत्ती सुरू झाली. पेन चार्ज करावं लागतं का? टोक झिजलं तर नवं कुठून आणायचं? दाब दिला की रेघ जाड होते का? आणि मी डावखुरी, वायर हाताखाली आली तर काय करू? दुकानदार कधी नव्हे तो खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायला लागला. पेनाला चार्जिंग लागत नव्हतं, आठ टोकं जादा होती, आणि पॅड उलटा फिरवून डाव्या हाताला लावता येत होता.

"आई, किती प्रश्न!" सून कानात पुटपुटली.

"अगं, मडकंसुद्धा वाजवून घेतात. हे तर पेन आहे."

गुरुवारी पॅड मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडला. त्याचा पडदाही जुनाच, जवळजवळ चौरस. पहिली रेघ उमटली ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. "हे काय, खिळ्याने ओरखडतेय का मी?" सुनेने इंटरनेटवरून पॅडचा प्रोग्राम उतरवला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, आणि दाबाबरोबर रेघ फुगायला लागली. पॅड गुळगुळीत, पेन घसरायचं. बाईंनी वर साधा कागद चिकटवला. पेनाच्या बटणावर अंगठा पडून काढलेलं पुसलं जायचं. सुनेने ते बटणच बंद केलं.

"हात इथे आणि बघायचं तिथे, हा कुठला न्याय?"

"शिवणयंत्र चालवताना पायांकडे बघता का?"

बाईंनी नजर पडद्यावर रोवली. दुपारपर्यंत अक्षरं जमली. नुसती जमली नाहीत, नाचायला लागली.

घोडं अडलं ते चाकापाशी. शुक्रवारी बाईंनी खांद्यातून हात फिरवला आणि पडद्यावर अंडं आलं. पुन्हा फिरवला, पुन्हा अंडं. वीस वेळा काढलं, वीस अंडी. शेवटी त्यातल्या त्यात बरं एक छापखानावाल्याला दाखवायला पाठवलं. त्याचा लगेच फोन आला, "बाई, चाक मागितलं होतं. कोंबडी बसवलीत की काय? राहू द्या, हात थकला आता."

केळीवालीने मैत्रिणीची बाजू घ्यायची, तर ती पोट धरून हसली. "हे चाक लावलं तर माझी केळी उड्या मारत बाजारात जातील गं!"

सून हळूच म्हणाली, "आई, एकदा डोळे तपासून घेऊया का?"

पस्तीस वर्षं ज्या हाताने गल्लीला वाचायला लावलं, तो थकला म्हणे! बाईंनी पेन खाली ठेवलं. बाईंनी पेन ठेवलं म्हटल्यावर घर हादरलं.

शनिवारी सकाळी बाईंनी खडू घेतला आणि मागच्या दारावर एका झटक्यात गोल काढला. दोऱ्याने मापून बघितला. आडवा तेवढाच उभा. मग त्या पडद्यासमोर बसल्या आणि कालची वीसच्या वीस अंडी निरखायला लागल्या.

"सूनबाई, इकडे ये. यातलं आडवं अंडं दाखव."

सुनेने शोधलं. "एकही नाही. सगळी उभीच आहेत."

"थकलेला हात दर वेळी वेगळी चूक करतो. ही चूक वीसही वेळा एकसारखी आहे. ही माझी नव्हे." बाईंनी मोठा श्वास घेतला. "जा, रंगाच्या डब्याचं झाकण आण."

"झाकण? तुम्ही झाकण ठेवून गोल काढणार?"

"आणतेस का मी उठू?"

झाकण आलं. आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी ते पॅडवर ठेवलं आणि शिंप्यासारखं त्याच्या कडेने पेन फिरवलं. पडद्यावर उभं अंडं आलं.

"झाकणही थकलेलं दिसतंय," बाई म्हणाल्या.

सून आधी हसली, मग तिची ट्यूब पेटली. पॅड लांबट आणि पडदा चौरस. अख्खा पॅड त्या पडद्यात कोंबला जात होता, म्हणून सगळं दोन्ही बाजूंनी दाबलं जाऊन उभट होत होतं. तिने पॅडच्या प्रोग्राममध्ये प्रमाण कायम ठेवायची खूण शोधून तिथे टिचकी मारली. त्याबरोबर पॅडचा पडद्याच्या आकाराएवढाच भाग चालू राहिला आणि एका बाजूची पट्टी निकामी झाली. बाईंनी पाटीची कड आखायची चिकटपट्टी तिथे लावली. "इथवर आपली हद्द." झाकण बाजूला भिरकावलं, हात फिरवला. गोल! असा गोल, की सुनेने मापायलासुद्धा घेतला नाही.

बाराला वीस मिनिटं असताना फाइल गेली. बाईंनी पाठोपाठ फोन लावला.

"मिळालं चाक?"

"मिळालं. झकास आहे."

"आणि हात?"

"हात... बरा आहे हो बाई."

"बरा तापातून उठलेला असतो. पक्का म्हणा."

"पक्का आहे, पक्का!"

आज साठ गाड्यांवर ते चाक आहे, आणि केळीवाली येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की मी तर पहिल्यापासून म्हणत होते. बाईंकडे आता तीन जणी शिकायला येतात. दोघी शिवणकाम करणाऱ्या, एक मेंदी काढणारी. पॅड मात्र एकच, त्यामुळे पाळ्या लावाव्या लागतात आणि पाळीवरून भांडणं होतात.

तेव्हा हौसेने घेतलेला आणि "मला नाही जमत" म्हणून कपाटात टाकून दिलेला असा एखादा पॅड तुमच्याकडे असेल, तर पेंटरबाईंना आणून द्या. पण द्यायच्या आधी एकदा त्यावर डब्याचं झाकण ठेवून कडेने पेन फिरवून बघा.