घाटंजीचा जंगल लूप आम्ही उलटा का फिरवला

आमच्या सायकल ग्रुपनं यंदा रस्ता शोधायचं काम माझ्यावर टाकलं. "मॅडम, जंगलातून जाणारा एक लूप काढा. फार अवघड नको, फार सोपा नको, आणि डांबर पाहिजे." वर्धा आणि अमरावतीकडचे काही जणही येणार होते, एकूण अठरा. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे अंतर, चढ आणि वेळ यांचा मेळ बसवायला मला मनापासून आवडतं. तीन-चार दिवस मोबाइलवर नकाशा ताणून ताणून मी एक वर्तुळ काढलं: यवतमाळहून जोडमोहा, तिथून आतल्या अरुंद रस्त्यानं जंगल ओलांडून घाटंजी, आणि अकोला बाजारवरून परत. पंच्याऐंशी किलोमीटरच्या आसपास. पहाटे पाचला निघालं की जंगल ऐन उजाडताना लागतं आणि नाश्त्याला घाटंजी येते. कागदावर इतका सुरेख लूप मी याआधी काढला नव्हता.

पण नकाशाला खड्डे दिसत नाहीत. म्हणून मी दादाला विचारलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. त्यानं तीस वर्षं एसटीची लाल गाडी चालवली आणि एकदाही कुणाला खरचटू दिलं नाही. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत तो कमी कमी बोलायला लागला होता. वहिनी म्हणायची, "टीव्ही चालू असते, पण हे कुठं असतात कोन जाने." रस्त्याचा विषय काढल्यावर मात्र तो सरळ बसला.

"तो आतला रस्ता? त्याच्यावर मी मुक्कामी गाडी चालवली ना सात-आठ वर्षं. एक पूल सोडला तर रस्ता फस्क्लास हाय."

"मग चल माझ्यासोबत. आधी आपण दोघं फिरून येऊ."

"सायकलनं? या वयात? लोक काय म्हन्तीन, बेबी?"

घरात मला अजून बेबीच म्हणतात. माझा मुलगा पुण्याला शिकतो. त्याची सायकल रिकामीच होती. पंधरा दिवस लोहाऱ्याच्या सपाट रस्त्यांवर सराव केल्यावर दादा तीस-चाळीस किलोमीटर आरामात मारू लागला. तेव्हा मार्च संपत आला होता.

रविवारी पाचला निघालो. शहर मागे पडल्यावर रस्ता हळूहळू उतरत जातो, पाय फारसे मारावे लागत नाहीत. या दिवसांतही पहाटे गारवा असतो, पातळ जॅकेट घ्या. आठनंतर ते पिशवीत जाईल. दोघांनी मिळून चार बाटल्या पाणी घेतलं होतं, तेवढं लागतंच. जोडमोह्याला टपरी नुकती उघडत होती. दहा रुपयांचा कटिंग चहा प्यायलो आणि उजवीकडच्या रस्त्याला लागलो.

तिथून जंगल. सागाची पानं झडून गेलेली, त्यामुळे झाडांमधून आकाश दिसत होतं. हवेत एक गोडसर, आंबूस, जड वास. मी दादाला हाक मारून म्हटलं, "मोह!" त्यानं नुसता हात वर केला. तो पुढे होता, मी पन्नासेक पावलं मागे. उतार सुरू झाला तसा त्यानं वेग घेतला. सात-आठ वर्षं ज्या रस्त्यावर तो मोठी गाडी जपून चालवत होता, तिथं तो पोरासारखा सुटला होता. मला फार बरं वाटलं. त्याच वेळी समोरून किंकाळी आली.

रस्त्याच्या कडेला एक म्हातारी बाई वाकून काहीतरी वेचत होती. दादाला ती अगदी जवळ गेल्यावर दिसली. त्यानं ब्रेक दाबला, आणि डांबरावर पडलेल्या मोहफुलांवरून चाक साबणावरून सरकावं तसं सरकलं. दादा डाव्या अंगावर पडला आणि सायकल तिच्या टोपलीला धडकून पलीकडे गेली. बाई वीतभर अंतरानं वाचली.

मी पोचेपर्यंत झाडाखालून तिची सून धावत आली. कविता, हे नाव नंतर कळलं. "दिसत नाही का हो? समोर मानूस हाय का जनावर तेबी समजत नाही?"

दादा रस्त्यातच बसला होता. कोपरातून रक्त येत होतं, पण तो त्या म्हातारीकडेच बघत होता. "तुम्हाले लागलं का? बाई, लागलं का तुम्हाले?" त्यानं हे चार-पाच वेळा विचारलं. इतक्या वर्षांत मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

"मले काई नाई झालं, बापू," म्हातारी म्हणाली. ती उभी होती, पण एका हातानं झाड धरून. "म्या समजली अस्वल आलं."

म्हातारीचं नाव सोनीबाई, वय सत्तरीच्या पुढे. जवळच त्यांचा बंजारा तांडा. तांड्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्यांनी पदराचं टोक ओलं करून दादाचं कोपर पुसलं, "आव, बेस" म्हणत त्याला झाडाच्या बुंध्याशी बसवलं आणि मग शांतपणे समजावलं.

"तुमच्या सायकलचा आवाज येत नाई. मोहाच्या वासानं अस्वल बी येते. आमी वाकून असतो, मागचं दिसत नाई. मागून काई सळसळलं का जीव जाते आमचा. मागच्या साली नाल्याकडं एका बाईले फाडलं त्यानं. वाचली, पन आता ते जंगलात येत नाई."

आजूबाजूला पाहिलं तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. झाडांमागे दहा-बारा बाया होत्या. मी इतका वेळ रिकाम्या जंगलातून जाते आहे असं समजत होते. प्रत्येक मोहाखालचा पालापाचोळा झाडून जमीन साफ केलेली, तिच्यावर फिकट पिवळी, रसरशीत फुलं. जी झाडं रस्त्यावर झुकली होती त्यांची फुलं डांबरावर पडलेली. त्यांचं शेत रस्त्यापर्यंत आलेलं होतं, आणि आम्ही त्या शेतातून सायकली नेल्या होत्या.

दादानं उजव्या हातानं सांडलेली फुलं टोपलीत भरायला घेतली. डावा हात मांडीवर तसाच पडून होता. मीही बसले. वाकून वेचायला लागलं की दहा मिनिटांत कंबर बोलते.

"कुठले तुम्ही?" सोनीबाईंनी विचारलं.

"यवतमाळचे. पन हा रस्ता मले माहीत हाय. मी या रस्त्यानं मुक्कामी गाडी आनत होतो. रातच्याले गावात मुक्काम, सकाळी सहाले परत."

सोनीबाईंचा हात थांबला. "सहाची गाडी? ते तुम्ही आनत होते?"

"हाव. सात-आठ वर्षं."

"अगं बाई!" त्यांनी सुनेकडे पाहिलं. "आयकलं का? सहाची गाडी हेच चालवत होते!" मग दादाकडे वळून म्हणाल्या, "तिकडं चढावर गाडीचा आवाज आला का आमी आदी डांबरावरचे फुलं उचलत होतो, अन बाजूले होत होतो. गाडी गेली का समजाचं, आता उजेड झाला. आता अस्वल बी गेलं असन. मंग भेव नाई वाटे. तुमच्या गाडीवरच चाले आमचं."

दादानं मूठभर फुलं टोपलीत टाकली. मग म्हणाला, "मले वाटे या रस्त्यानं कोनीच नसते. म्या तर कवा कोनाले पाह्यलंच नाही."

"आमी झाडाच्या मागं राहो," सोनीबाई हसल्या. "आता तेच गाडी आठले येते. तवरोक आमचं अर्धं काम होऊन जाते."

मला मात्र हसू येत नव्हतं. मी कविताला खरं ते सांगितलं. पुढच्या रविवारी आम्ही अठरा जण याच रस्त्यानं, याच वेळेला येणार आहोत.

"अठरा? लाइट लावून?" ती हातातली फुलं तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. "रस्ता सरकारचा हाय, मॅडम. तुम्हाले कोन नाही म्हन्ते? पन आमचं हे पीक पंधरा-वीस दिवसाचं. इतकंच. मंग वर्षभर रस्ता तुमचाच हाय."

"किती वाजता आलो तर चालेल?"

"नऊच्या नंतर कवाई या. चाहा बी पाजतो."

दादाचं मनगट तोवर टमाटरसारखं सुजलं होतं. कविताचा नवरा त्याला मोटरसायकलवर घाटंजीला घेऊन गेला. त्याची सायकल तांड्यात ठेवली. पुढचा रस्ता मी एकटीनं केला. बारीक चढ-उतार आहेत, दादानं सांगितलेल्या पुलापाशी डांबर उखडलेलं आहे, तिथं उतरून चाला. त्या रस्त्यावर मी दर वळणाआधी मोठ्यानं गाणं म्हणत होते. सूर चुकत होता, पण आवाज महत्त्वाचा होता.

घाटंजीत डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं, बारीक तडा आहे, प्लास्टर लागेल. प्लास्टर ओलं असतानाच दादानं बसस्टँडजवळ एका हातानं तर्री-पोहे खाल्ले. झणझणीत होते; दोघांचं चहासकट शंभरात भागलं.

"तीस वर्षं एक अ‍ॅक्सिडेंट नाही," तो म्हणाला, "अन आज सायकलनं म्हातारीले उडवत होतो."

"उडवलं नाहीस ना."

"ब्रेक लागला म्हनून. लागला नसता तं?" त्यानं प्लेट बाजूला सरकवली. मग म्हणाला, "अन बेबी, ते लोक माह्या गाडीची वाट पाहत होते. मले कवा समजलंच नाही."

तो बसनं परतला आणि मी सायकलनं. घाटंजी ते यवतमाळ रस्ता रुंद आहे, पण ट्रक असतात आणि शेवटी चढ. पायांपेक्षा डोकं जास्त थकलं होतं. घरी आल्यावर मी नकाशा उघडला आणि लूपची दिशा बदलली. आधी अकोला बाजार, घाटंजीत नाश्ता, जंगल साडेनऊनंतर, आणि जोडमोह्यापासून यवतमाळचा चढ ऐन उन्हात.

ग्रुपचं सगळं जमवणाऱ्या शैलेशचा लगेच फोन आला. "मॅडम, उलटा? शेवटचा चढ अकरा वाजता? आणि पहाटेचं जंगल हाच तर सगळा पॉइंट होता!"

मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. पण लोक गळतील."

पाच जण गळले. आम्ही तेरा निघालो. साडेनऊला त्या पट्ट्यात पोचलो तेव्हा रस्ता झाडून काढल्यासारखा स्वच्छ होता. झाडांखाली कुणी नव्हतं, वासही उन्हानं विरला होता. तांड्यात अंगणाअंगणात फुलं वाळत घातलेली होती. कवितानं सगळ्यांना गुळाचा कोरा चहा दिला. सोनीबाई आत झोपल्या होत्या. त्यांचा दिवस आमच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. दादाची सायकल कडुनिंबाखाली पुसून उभी केलेली होती. ती नंतर टेम्पोनं आणली.

चढानं मात्र सूड घेतला. दोघांच्या पायात गोळे आले, एकानं लिफ्ट घेतली, आणि मी स्वतः दोनदा झाडाखाली थांबून माझ्याच निर्णयाला शिव्या दिल्या. तुम्ही जाणार असाल तर हे लक्षात ठेवा: मोहाच्या दिवसांत हा लूप असाच, उलटा फिरवा. ताक आणि मीठ जवळ ठेवा. पावसाळ्यानंतर जाल तर माझी पहिली दिशा खुशाल घ्या. तेव्हा पहाट तुमची आहे. त्या पहाटेसाठी मला अजून हळहळ वाटते, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी दादाकडे गेले. तो प्लास्टरचा हात उशीवर ठेवून वहिनीला मोहाबद्दल सांगत होता, फुलं रात्री कशी उमलतात, पहाटे कशी गळतात, सगळं. टीव्ही बंद होता. मी ग्रुपवर आलेले फोटो आणि अभिप्राय वाचून दाखवू लागले. कुणी नाश्त्याचं कौतुक केलं होतं, कुणी चढाबद्दल कुरकुर. अमरावतीच्या एकानं लिहिलं होतं, "बाकी छान, पण जंगलाचा पट्टा अगदी सुनसान. पाहण्यासारखं काहीच नव्हतं."

मला ते लागलं. मी उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहायला घेतलं. दादानं मोबाइल माझ्या हातातून घेतला, चष्मा वर करून ते दोनदा वाचलं आणि हसला.

"काहीच नव्हतं म्हन्ते? मंग तुम्ही बराबर टायमावर गेले, बेबी."