मामांचे स्कॉटिश खापरपणजोबा

वसईच्या घामट मे महिन्यात "ही हवा आम्हा स्कॉटिश लोकांना मानवत नाही" असं म्हणू शकणारा माणूस जगात एकच आहे, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मामांचा जन्म वसईचा, मास्तरकी वसईची, वाडीतल्या केळीसुद्धा वसईच्याच. पण त्यांचे खापरपणजोबा म्हणे स्कॉटलंडहून रेल्वेच्या पुलावर इंजिनियर म्हणून आले होते. हा शोध निवृत्तीनंतर लागला आणि घरातली शांतता संपली. सकाळची तांदळाची भाकरी जाऊन ओट्सची पेज आली. ती गिळताना मामांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा व्हायचा, पण "रक्त ओळखतं" म्हणत ते वाटी संपवायचे. चौकड्यांची लुंगी ते जन्मभर नेसत आले होते. आता ती घराण्याची खूण ठरली. "तिकडे पुरुष असंच नेसतात," ते पाहुण्यांना सांगायचे. "विरारच्या बाजारातून मीच आनलीय ती," मामी आतून ओरडायच्या. मामी मिठागराकडच्या, त्यांना घराण्याचं कौतुक कमी.

अडचण कागदांची होती. खापरपणजोबांच्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाप 'स्कॉटलंडचा इंजिनियर' होता. त्याच मुलाच्या लग्नाच्या नोंदीत बाप 'इंजिनियरसाहेबाचा खानसामा' झाला होता. मामांना यात काहीच वावगं दिसेना.

"इंजिनियर स्वतःचाच खानसामा कसा असेल?" मी विचारलं.

"जावईबापू, परमुलखातला एकटा माणूस. स्वतःच रांधत असेल!"

पण एक गोष्ट त्यांना मनापासून खात होती. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आम्ही आपल्या माणसांच्या कबरी धुतो, फुलं वाहतो, मेणबत्त्या लावतो. मामांना खापरपणजोबांसाठी मेणबत्ती लावायची होती, आणि कबर सापडत नव्हती. दफनभूमीच्या कुंपणाशी दोन जुने दगड आहेत, अक्षरं पार झिजलेली. एक साहेबाचा, एक खानसाम्याचा, एवढंच म्हातारी माणसं सांगत. कुठला कोणाचा, ते कोणालाच ठाऊक नाही.

गेल्या वर्षी फादरांनी सगळ्या नोंदी ताडून पाहिल्या. "मास्तर, खानसामाच तुमचा. साहेब बाप्तिस्म्याला बाळाला हातावर धरणारा धर्मपिता म्हणून उभा होता, लिहिणाऱ्याने रकाना चुकवला." मामांनी घरी येऊन तांदळाची भाकरी मागितली. उरलेले ओट्स मामींनी कोंबड्यांना घातले. इतकी वर्षं मीच त्यांची थट्टा करत आलो होतो, पण त्या आठवड्यात मला त्या घरात करमेना.

मृतांच्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्यासोबत गेलो. मामांनी दोन्ही दगड धुतले, दोन्हींवर झेंडू वाहिला, दोन मेणबत्त्या लावल्या.

"मामा, यातला एकच आपला ना?"

"दुसऱ्याची माणसं फार लांब राहिली," वाऱ्याला हात आडवा धरत ते म्हणाले. "आमच्या पोराला हातावर घेऊन उभा होता तो."

यंदा मामांचे गुडघे साथ देईनात, म्हणून मी एकटाच निघालो. अंगणाच्या फाटकापाशी पोचलो तोच मागून मामींची हाक आली.

"दोन घेतल्या ना? आपल्या साहेबाला इसरू नका."