गळ्यात बांधलेला हात

१९७८ च्या मार्चमध्ये मी उजवा हात गळ्यात बांधून दहावीच्या परीक्षेला गेले. हात मोडलेला नव्हता.

मला गणित तोंडी यायचं. प्रमेय एकदा ऐकलं की मी ते पुरतं सांगत असे. कागदावर मात्र अक्षरं जागा बदलत आणि तीन तासांत पानही भरत नसे. म्हणून नववीपर्यंत गणिताच्या बाई माझी परीक्षा व्हरांड्यात तोंडी घेत. बोर्डाच्या परीक्षेला लेखनिक मिळे तो आंधळ्यांना किंवा हात मोडलेल्यांना.

वडिलांनी मला तालमीत नेलं. तिथले वस्ताद पैलवानांची हाडं बसवत. त्यांची पट्टी दिसली की आमच्या पेठेत कुणी पुढं काही विचारत नसे.

वस्तादांनी हात चाचपला. "पावणं, हाडाला काय बी झाल्यालं न्हाय की."

"ठाऊक आहे. तरी बांधा."

"लोक बरं व्हायला येत्यात, तुमचं उलटंच!" असं म्हणत त्यांनी आंबेहळदीचा लेप देऊन, कामट्या लावून हात बांधला.

परीक्षेच्या केंद्रावर बाई आठवीतल्या एका मुलीला लेखनिक म्हणून घेऊन आल्या होत्या. केंद्रप्रमुखांनी सरकारी डॉक्टरांचा दाखला मागितला. तो आमच्याकडे नव्हता.

"मग लेखनिक नाही," ते म्हणाले.

बाईंनी पट्टी सोडली. हात पिवळा झाला होता. त्या हातानं मी सगळे पेपर लिहिले.

जूनमध्ये निकाल लागला. मी नापास झाले होते, गणितातही.